पक्ष्यांचीं छायाचित्रें आणि लेन्सची परीक्षा



परीक्षा हा शब्द ऐकतांच तुमच्या कपाळावर आठी उमटते, हें शिक्षक या नात्यानें मी नित्य पाहतों. परंतु ह्या लेखांत ज्या परीक्षेविषयीं लिहावयाचें आहे ती तुमची नसून कांचेची आहे. निदान आरंभीं आम्हांस तसें वाटलें होतें. परीक्षेस खरोखर कोण बसलें होतें, हें पुढें कळेलच.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या निसर्गमंडळानें एक टेलिफोटो झूम लेन्स घेतली. नवी घेण्याची ऐपत नव्हती. मुलांनीं वर्षभर रद्दी विकून आणि पालकांनीं आपापल्या परीनें भर घालून जे पैसे जमविले, त्यांतून १५० ते ६०० मिलिमीटरची एक वापरलेली लेन्स आम्हीं आणली. पंधरा दिवसांत ती परत करण्याची मुभा दुकानदारानें दिली होती. पुढच्याच रविवारीं मंडळ नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर येथें गेलें. गोदावरी व कादवा या नद्यांचें पाणी तेथें बंधाऱ्यानें अडविलेलें असून, रामसर कराराच्या यादींत नोंद झालेलें महाराष्ट्रांतील हें पहिलें पाणस्थळ होय. हिवाळ्यांत तेथें बदकें, वारकरी, चमचे, चित्रबलाक यांची गर्दी असते. मुलांनीं दिवसभरांत सुमारें चारशें छायाचित्रें घेतलीं.

दुसऱ्या दिवशीं तीं शाळेंतील संगणकाच्या पडद्यावर पाहूं लागलों, तों सर्वांचीं तोंडें उतरलीं. चमच्याची चोंच ओळखूं येई, पण डोळा दिसेना. पंखांवर पीस म्हणून वेगळें दिसत नव्हतें. जणूं सारीं चित्रें दुधी कांचेमागून घेतलीं होतीं. मंडळाच्या चिटणिसानें त्याच सायंकाळीं दुकानदारास तक्रारीचें पत्र लिहून माझ्यापुढें ठेविलें. त्यांत 'फसवणूक' हा शब्द दोन वेळां आला होता. मीं सहीसाठीं पेन उचललें, इतक्यांत आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, जे जवळच बाटल्या पुशीत होते, ते म्हणाले, "सर, लेन्स वाईट आहे हें आपण कशावरून ठरविलें?"

ह्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. विज्ञानाच्या तासाला मी मुलांना सांगत असतों कीं, पुराव्यावांचून निष्कर्ष काढूं नये. आणि येथें मी एका मनुष्याच्या सचोटीवर डाग लावणाऱ्या कागदावर सही करावयास निघालों होतों. पत्र खणांत ठेविलें आणि दुसऱ्या दिवसापासून लेन्सची परीक्षा आरंभिली. तिची रीत येथें देतों. परंतु लेन्स तपासण्यापूर्वीं ती निवडावी कशी, हें पाहणें योग्य होईल.

लेन्सवर जे १५० किंवा ६०० असे आंकडे असतात, तें तिचें नाभीय अंतर होय. छायाचित्रकार त्याला फोकल लेंग्थ म्हणतात. हें अंतर जितकें अधिक, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी. नाभीय अंतर ६०० मिलिमीटर असूनही लेन्स तितकी लांब असावी लागत नाहीं. पुढें बहिर्गोल आणि मागें अंतर्गोल भिंगांचा गट ठेवून तिची लांबी कमी करतां येते. ही टेलिफोटो रचना १८९१ सालीं इंग्लंडांत डालमायर यांनीं आणि जर्मनींत श्टाइनहाइल व मीटे यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें सिद्ध केली. झूम लेन्समध्यें भिंगांचे कांहीं गट मागें-पुढें सरकतात, त्यामुळें नाभीय अंतर हवें तसें बदलतें. पस्तीस मिलिमीटरच्या स्थिरचित्र-कॅमेऱ्यासाठीं अशी पहिली लेन्स, झूमार नांवाची, १९५९ सालीं जर्मनींतील फोइग्टलेंडर या कारखान्यानें बाजारांत आणली.

आतां एक त्रैराशिक करूं. लहान खंड्या चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १७० मिलिमीटर भरतो. तो १० मीटरांवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरांवर बसला आहे आणि आपली लेन्स ६०० मिलिमीटरची आहे. पक्ष्याच्या लांबीला नाभीय अंतरानें गुणून अंतरानें भागिलें, कीं सेन्सरवरील प्रतिमेची लांबी स्थूलमानानें मिळते. येथें ती १०.२ मिलिमीटर येते. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें २४ मिलिमीटर रुंद व १६ मिलिमीटर उंच आहे. तेव्हां चित्र उत्तम भरलें. तोच खंड्या ४० मीटरांवर असेल, तर प्रतिमा अडीच मिलिमीटरांची होईल. मग संगणकावर तिला कितीही मोठें केलें, तरी जें नोंदलेंच गेलें नाहीं तें कोठून येणार?

ह्या त्रैराशिकांतून आणखी एक गोष्ट निघते. अंतर निम्में करणें म्हणजे दुप्पट नाभीय अंतराची लेन्स घेणें होय, आणि त्याला पैसे पडत नाहींत. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनीं सजलेलें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्या काळीं आजच्यासारख्या लेन्स नव्हत्या. पांखरांच्या जवळ जाण्यासाठीं पुढें त्यांनीं पोकळ बनविलेल्या बैलाच्या पोटांत कॅमेऱ्यासह दडून बसण्याची युक्ति केली. बैलाची आज गरज नाहीं. झाडाच्या आडोशाला किंवा मळकट रंगाच्या कापडामागें तासभर हालचाल न करतां बसलें, म्हणजे पांखरें आपण होऊन जवळ येतात. मात्र वीण चालू असतां घरट्याजवळ जाऊं नये. आईबाप उडून गेले, तर अंडीं उन्हानें तापतात किंवा कावळ्यांच्या दृष्टीस पडतात. चित्रापेक्षां पांखरूं मोठें आहे, हें विसरूं नये.

निवडीचा दुसरा प्रश्न उजेडाचा. नाभीय अंतराला लेन्सच्या छिद्राच्या व्यासानें भागिलें, कीं छिद्रांक मिळतो. एफ ४, एफ ६.३ असा तो लिहितात. अंक जितका लहान, तितकें छिद्र मोठें. ६०० मिलिमीटरांवर एफ ६.३ साठीं सुमारें ९५ मिलिमीटर व्यास लागतो, तर एफ ४ साठीं १५०. दुसरी लेन्स पहिलीच्या अडीचपट उजेड घेते. पण एवढीं रुंद व निर्दोष भिंगें घडविण्याचा खर्च आणि त्यांचें वजन साध्या कुटुंबाच्या आवांक्याबाहेर जातें. म्हणून बहुतेक शिकाऊ लोक १५० ते ६०० किंवा २०० ते ६०० मिलिमीटरच्या, दूरच्या टोंकास एफ ६.३ असलेल्या झूम लेन्स पत्करतात. त्या दाट झाडींत आणि तिन्हीसांजेला कमी पडतात. पाण्याकांठीं व मोकळ्या माळावर सकाळच्या उन्हांत मात्र त्या चांगलें काम देतात. आपण पक्षी कोठें पाहणार, हें आधीं ठरवावें, लेन्स मागाहून.

तिसरा प्रश्न हातांचा. अशा लेन्सचें वजन सुमारें दोन किलो असतें, वर कॅमेरा वेगळा. दुकानांत दोन मिनिटें उचलून धरणें निराळें आणि बंधाऱ्यावरून तीन तास हिंडणें निराळें. घरीं दोन किलोची पिशवी डोळ्याच्या उंचीवर एक मिनिट धरून पाहावी. पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें तेथेंच मिळतात. झूमचा मोठा गुण हा कीं, उडती घार प्रथम २०० मिलिमीटरांवर सहज सांपडते व मग ६०० पर्यंत जातां येतें. एकाच नाभीय अंतराच्या लेन्समधून नवशिक्याला आभाळच दिसत राहतें. झूमचा दोष हा कीं, अनेक गट सरकते ठेवावे लागल्यामुळें दूरच्या टोंकास तिची तीक्ष्णता बहुधा थोडी उतरते. आणि पक्ष्यांसाठीं आपण वापरतों तें नेमकें तेंच टोंक. म्हणून तेंच कसून तपासावें.

आतां परीक्षा. पहिली परीक्षा डोळ्यांनीं करावयाची. वापरलेल्या लेन्समध्यें एका बाजूनें विजेरीचा झोत सोडून दुसऱ्या बाजूनें तिरपें पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. कोंकणांतील दमट हवेंत ती लवकर धरते व कांच कायमची खराब करूं शकते. धुळीचे दोन-चार कण असले, तर त्यांनीं चित्रास बाध येत नाहीं. झूमचें कडें कोठें अडखळतें काय, लेन्स खालीं धरली असतां आपोआप घसरते काय, कॅमेऱ्याशीं जोडणारी कडी ढिली आहे काय, हेंहि पाहावें. आमची लेन्स ह्यांत निर्दोष ठरली.

दुसरी परीक्षा भिंतीची. शाळेच्या मागच्या भिंतीवर आम्हीं वर्तमानपत्राचे पांच तुकडे चिकटविले. एक मध्यें व चार कोपऱ्यांत. पंधरा मीटरांवरून ६०० मिलिमीटरांच्या लेन्सला आमच्या कॅमेऱ्यांत सुमारें ६० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच एवढीच भिंत दिसते. तुकडे तेवढ्यांत बसविले. झूम कमी केलें, कीं कॅमेरा त्याच प्रमाणांत पुढें आणावा लागतो. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर, भिंतीशीं समांतर ठेविला. हाताचा कंप टाळणारी लेन्समधील योजना, जिला स्टॅबिलायझर म्हणतात, ती बंद केली. बटन हातानें न दाबतां दहा सेकंदांच्या टायमरवर चित्र घेतलें. २००, ४०० व ६०० मिलिमीटर हीं तीन अंतरें. प्रत्येकीं सर्वांत मोठें छिद्र, एफ ८ आणि एफ ११ हीं तीन छिद्रें. आणि दर वेळीं पुन्हां नव्यानें फोकस करून तीन चित्रें, अशीं एकंदर सत्तावीस झालीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा सर्व प्रयोगांचा कणा आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, कीं फरक कशामुळें पडला हें कोणासच सांगतां येत नाहीं.

चित्रें पाहतांना मधल्या तुकड्याची अक्षरें आधीं वाचावीं, मग कोपऱ्यांचीं. चारी कोपरे सारखेच थोडे मऊ असले, तर तो लेन्सचा स्वभाव समजावा. एकच बाजू अस्पष्ट असली, तर मात्र संशय घ्यावा; एखादें भिंग आपल्या अक्षावरून ढळलें असण्याचा संभव असतो. पण कॅमेराच भिंतीशीं तिरपा असला, तरीहि तसेंच दिसतें. दोहोंचा निवाडा सोपा आहे. ट्रायपॉडवरील कड्यांत लेन्स कॅमेऱ्यासह अर्धा फेरा फिरवून कॅमेरा उलटा करावा आणि पुन्हां चित्र घ्यावें. दोन्ही वेळां वर्तमानपत्राचा तोच तुकडा अस्पष्ट आला, तर दोष आपल्या मांडणीचा; अस्पष्टपणा समोरासमोरच्या तुकड्यावर गेला, तर दोष लेन्सचा. आमच्या पहिल्या चित्रांत डावी बाजू पुसट होती. मुलांनीं "सांपडला चोर!" म्हणून टाळ्या पिटल्या. कॅमेरा उलटा केला, तों तोच डावीकडचा तुकडा पुन्हां पुसट! चोर आम्हीच होतों. ट्रायपॉड वांकडा लागला होता. तो सरळ केल्यावर मधलीं अक्षरें तिन्ही अंतरांवर स्वच्छ वाचतां आलीं. ६०० वर कोपरे थोडे मऊ होते, ते एफ ८ ला सुधारले. छिद्र एफ १६ च्याहि पलीकडे लहान करीत गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळें सबंध चित्रच मऊ होऊं लागतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

तिसरी परीक्षा फोकसची. १० मीटरांवरील वस्तूसाठीं ६०० मिलिमीटर व एफ ६.३ असतां आमच्या कॅमेऱ्यांत मागें-पुढें मिळून सुमारें सात सेंटिमीटर एवढाच भाग स्पष्ट येतो. लेन्सनें डोळ्याऐवजीं शेपटीवर फोकस धरला, तर चित्र वायां गेलें. म्हणून टेबलावर पांच बाटल्या तिरप्या ओळींत, प्रत्येक आधीच्या बाटलीच्या मागें पांच सेंटिमीटर, अशा मांडाव्या, मधलीवर फोकस करावा आणि चित्रांत कोणती स्पष्ट आली तें पाहावें. आरशाच्या कॅमेऱ्यांत फोकसचा शोध वेगळ्या यंत्रणेनें घेतला जात असल्यामुळें तो नित्य पुढें किंवा मागें पडण्याचा दोष आढळतो. अनेक कॅमेऱ्यांत त्याची दुरुस्ती करण्याची सोय असते. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत सेन्सरच हें काम करतो, म्हणून तेथें हा दोष क्वचित् दिसतो. आमची मधली बाटली दहाहि वेळां स्पष्ट आली.

याप्रमाणें लेन्स तिन्ही विषयांत उत्तीर्ण झाली. मग नांदूरचीं चारशें चित्रें बिघडलीं कशानें? तेव्हां उरलेल्या दोन परीक्षा घेतल्या. त्या लेन्सच्या नव्हत्या.

चौथी परीक्षा हातांची. भिंतीवरील त्याच तुकड्यांचीं चित्रें प्रत्येक मुलानें कॅमेरा हातांत धरून घेतलीं. शटर सेकंदाचा १/२०००, १/१०००, १/५००, १/२५० व १/१२५ वा भाग उघडें ठेवून प्रत्येकीं दहा. एकदां स्टॅबिलायझर बंद करून व एकदां चालू करून. शटरचा वेळ नाभीय अंतराच्या आंकड्याइतक्याव्या भागाहून अधिक नसावा, असा जुना नियम आहे. आमच्या लहान सेन्सरसाठीं तो ६०० ला सुमारें १/९०० येतो. आमचा चिटणीस, ज्यानें पत्र लिहिलें होतें, त्याचीं १/१००० ला दहापैकीं नऊ चित्रें स्पष्ट आलीं. १/२५० ला स्टॅबिलायझरवांचून दोन. तो चालू करतांच आंकडा सातांवर गेला. पण स्टॅबिलायझर आपल्या हाताचा कंप आंवरतो, पक्ष्याची हालचाल नव्हे. मान हालवीत पाणी ढवळणाऱ्या चमच्याला १/२५० पुरत नाहीं. उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा. नांदूरचीं चित्रें तपासलीं, तों बहुतेक १/२५० चीं! चित्रांत दाणे दिसूं नयेत म्हणून मुलांनीं आयएसओ कमींत कमी ठेविला होता. दाणेदार पण स्पष्ट चित्र कांहीं अंशीं सुधारतां येतें. हाललेलें चित्र सुधारत नाहीं.

पांचवी परीक्षा हवेची. शंभर मीटरांवरच्या फाटकावर एक तुकडा लावून ट्रायपॉडवरून सकाळीं सात वाजतां व दुपारीं एक वाजतां चित्रें घेतलीं. सकाळीं मथळा सहज वाचतां आला. दुपारीं त्याच लेन्सनें, त्याच जागेवरून, तीं अक्षरें पाण्यांत बुडाल्यासारखीं लवलवलीं. तापलेल्या जमिनीवरील हवा विरळ होते. गार व उष्ण थर एकमेकांत मिसळतांना प्रकाशकिरण क्षणोक्षणीं वांकतात. हेंच मृगजळाचें मूळ. जगांतील कोणतीहि लेन्स ह्यावर उपाय करूं शकत नाहीं. उपाय दोनच, लवकर उठणें आणि जवळ जाणें. आणि आम्हीं नांदूरला काय केलें होतें? न्याहारी आटोपून अकराला पोंचलों, एक वाजेपर्यंत पाण्यापलीकडच्या, ऐंशी मीटरांवरच्या पक्ष्यांवर नेम धरला, आणि घरीं येऊन तिसऱ्याच मनुष्याला दोष दिला!

पालकांस दोन शब्द सांगतों. मुलानें अशी लेन्स मागितली, तर एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम आणूनहि देऊं नये. आधीं एक दुर्बीण व एक वही द्यावी. वर्षभर त्यानें परसांतल्या साळुंक्या, बुलबुल, घारी यांची नोंद ठेविली, तर आवड खरी आहे असें समजावें. पुढें लेन्स घ्यावयाची झाल्यास शक्य तर आधीं चार दिवस भाड्यानें आणून पाहावी. घेतांना पावती घ्यावी, परत करण्याची मुदत लेखी घ्यावी, आणि त्या मुदतींतच वरील परीक्षा पुऱ्या कराव्या. त्यांत दोष सिद्ध झाला, तर तक्रार अवश्य करावी. पुराव्यासह केलेली तक्रार हा ग्राहकाचा हक्क आहे. पुराव्यावांचून केलेली दुसऱ्याच्या अब्रूवर घाला आहे.

पुढच्या महिन्यांत आम्ही पुन्हां नांदूरला गेलों. रात्रीं गांवांतच मुक्काम केला आणि पहांट फुटण्यापूर्वीं आडोशाला जाऊन बसलों. थंडीनें बोटें आंखडलीं होतीं. दीड तास कांहींच घडलें नाहीं. मग ऊन पाण्यावर आलें, आणि एक चमचा चोंच पाण्यांत डावी-उजवी फिरवीत आमच्यापासून वीस पावलांवर आला. त्या सकाळीं केवळ साठ चित्रें मिळालीं. त्यांतील अकरांत त्याचा तांबूस डोळा आणि मानेवरचीं बारीक पिसें वेगवेगळीं दिसतात.

तक्रारीचें पत्र मीं फाडलें नाहीं. चिटणिसानें त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर हातांच्या परीक्षेचा तक्ता लिहिला होता. तो कागद मंडळाच्या दप्तरांत जपून ठेविला आहे. नवीन मुलें मंडळांत आलीं, म्हणजे त्यांना लेन्स दाखविण्यापूर्वीं आम्ही तो दोन्ही बाजूंनीं वाचावयास देतों.